नारिंगी कळ, निळी कळ

गोदामातल्या बारकोड वाचणाऱ्या हँडहेल्ड टर्मिनलचा सगळा खटाटोप टायपिंग टाळण्यासाठी असतो. ट्रिगर दाबायचा, बीप ऐकायची, पुढच्या खोक्याकडे वळायचं. तरीही सिम्बॉल कंपनीच्या एमसी ९०९० या गाजलेल्या यंत्रावर २८, ४३ किंवा ५३ कळांचा कीपॅड मिळायचा. कारण लेबल कधी ओलं होतं, कधी फाटतं, कधी चिकटपट्टीखाली चुरगळतं. मग रेषांखाली छापलेले १३ आकडे हातानेच घालावे लागतात. थोडक्यात, कीपॅडची आठवण होते ती काम अडल्यावर, मागे ट्रक उभा असताना.

एवढ्याशा जागेत अक्षरं, आकडे, चिन्हं आणि फंक्शन कळा बसवायच्या, शिवाय हातमोज्यातल्या अंगठ्यालाही बटण सापडलं पाहिजे. म्हणून एकाच कळेवर दोन-तीन रंगांत खुणा छापतात आणि नारिंगी-निळ्या कळांनी त्यातली हवी ती निवडतात. टेबलावरच्या कीबोर्डवर आपण शिफ्ट धरून ठेवतो. इथे दुसऱ्या हातात खोकं असतं, त्यामुळे कळा एकामागून एक दाबायच्या. सायन टेकलॉजिक्सच्या टर्मिनलांवर नारिंगी कळ एकदा दाबली की ती पुढच्या एकाच कळेपुरती लागू होते, दोनदा दाबली की लॉक होते, तिसऱ्यांदा दाबली की सुटते. शिकायला पाच मिनिटं पुरतात. पण लॉक चालू आहे हे सांगणारं चिन्ह असतं पडद्याच्या कोपऱ्यात, आणि नजर असते खोक्यावर.

कळा कमी असल्या की अक्षरांचे हाल होतात. रॅक ‘सी-४’ लिहायचा तर अक्षरांचा मोड लावा, जुन्या मोबाइलसारखी २ची कळ तीनदा दाबा, मोड काढा, मग ४. आकड्यांची चूक निदान पकडली तरी जाते: बारकोडचा तेरावा आकडा पडताळणीचाच असतो, आधीच्यांपैकी एखादा चुकला तर हिशेब जुळत नाही.

खरी गंमत फंक्शन कळांची. पुष्कळ गोदामांत हातातला पडदा आयबीएमच्या ५२५० टर्मिनलची नक्कल करतो. ते मूळ टर्मिनल १९७७चं, टेबलावर ठेवायचं. त्या दुनियेत एफ३ म्हणजे बाहेर पडा आणि एफ१२ म्हणजे रद्द करा, असा रिवाज पडला. छोट्या कीपॅडवर एफच्या कळा बहुधा आकड्यांवरच बसवलेल्या असतात. मोड लॉक राहिला आणि नग मोजून ३ दाबले, की नोंद होण्याऐवजी पडदाच बंद होतो. कामगार म्हणतो मशीन हँग झालं, सुपरवायझर म्हणतो याला जमत नाही. माझ्या मते दोष कीपॅड निवडणाऱ्याचा: रोज अक्षरं लागतात तिथे चार पैसे वाचवायला २८ कळांचं यंत्र घेऊ नये.

टचस्क्रीन आल्यावर हे सगळं संपायला हवं होतं. पण झेब्रा कंपनीच्या, अँड्रॉइडवर चालणाऱ्या एमसी ९३००लाही २९पासून ५८ कळांपर्यंतचे कीपॅड आहेत, आणि त्यात ५२५०साठीचा वेगळा कीपॅडही आहे.