कंपायलरच्या कोड-कव्हरेज नोंदी आणि समांतर बांधणीतील विलंब

प्रस्तावना :
परीक्षेच्या मूल्यमापन केंद्राचा अनुभव आपणा सर्वांस आहे. उत्तरपत्रिका तपासणारे पन्नास परीक्षक असले, परंतु गुणांची नोंदवही एकच असली, तर तपासणीपेक्षा नोंदवहीपुढील रांगच अधिक वेळ खाते. मोठ्या सॉफ्टवेअरच्या समांतर बांधणीत कोड-कव्हरेजच्या नोंदी नेमका असाच अडथळा निर्माण करतात.

नोंदीची प्रक्रिया :
चाचणीच्या वेळी प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळी प्रत्यक्ष चालल्या, याची मोजदाद म्हणजे कव्हरेज. १९८७ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरसोबत त्यासाठी 'जीकोव्ह' हे साधन मिळते. (याच कंपायलरच्या अंतर्रचनेवर आयआयटी मुंबईच्या जीसीसी संसाधन केंद्राने कार्यशाळा घेतल्या आहेत.) कव्हरेजचा पर्याय दिल्यास प्रोग्रॅममध्ये गणक बसविले जातात. प्रोग्रॅम संपताना प्रत्येक सोर्स फाइलमागे एक 'जीसीडीए' फाइल उघडली जाते, तिला कुलूप लावले जाते, जुने आकडे वाचून त्यांत नवे मिळवले जातात आणि बेरीज परत लिहिली जाते.

खरी अडचण कंपायलरचीच चाचणी घेताना उद्भवते. समजा, कंपायलरच्या ५०० सोर्स फाइलींत गणक आहेत आणि त्याच्याकडून १००० फाइलींचे सॉफ्टवेअर बांधून घ्यावयाचे आहे. कंपायलर १००० वेळा सुरू होऊन १००० वेळा संपेल. म्हणजे ही उघडझाप ५ लाख वेळा होईल. कुलूप एकेका फाइलीपुरते असल्याने सर्वच प्रक्रिया एकदम थांबत नाहीत. तथापि फाइलींचा क्रम सर्वांचा एकच असल्याने त्या एकीमागे एक खोळंबतात. फाइली नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर असल्यास विलंब आणखी वाढतो. अशा वेळी प्रोसेसर वाढवून फारसा लाभ होत नाही. कुलूपच काढावे, तर दोन प्रक्रियांचे लेखन एकमेकांवर पडून आकडे हरवतात आणि चाललेली ओळ न चाललेली दिसू शकते. वेगासाठी ही किंमत मोजणे आम्हांस अयोग्य वाटते.

उपाय :
'जीकोव्ह-प्रीफिक्स' या परिवर्तकाने प्रत्येक समांतर कामास स्वतंत्र निर्देशिका देता येते. शेवटी 'जीकोव्ह-टूल'ने सर्व आकडे एकत्र करावेत. यामुळे रांग टळते, परंतु ५ लाख उघडझापी कायम राहतात. त्या कमी करण्यासाठी जीसीसीच्या ९ व्या आवृत्तीपासून (२०१९) निवडक फाइलींतच गणक बसविण्याची सोय आहे. ज्या भागाची चाचणी घ्यावयाची, तेवढ्याच फाइली निवडल्यास विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकावरही हा प्रयोग करून पाहता येतो.