तल्लफ कुणाची, ताण कुणाचा?

मंडळी, पुनावळ्यात रात्री दहाच्या सुमारास एखाद्या टपरीपाशी जरा थांबून बघा. हिंजवडीहून शिफ्ट संपवून आलेली मुलं सिगारेट घेऊन उभी असतात. त्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो समलिंगी आहे, घरी माहीत नाही. म्हटलं, "अरे, सोड की ही." तर म्हणाला, "सर, घरी सगळे विचारतात, लग्न कधी? इथं कुणी काही विचारत नाही." मला उत्तर सुचलं नाही. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट अशा वेळी फारशी कामाला येत नाही!

आता बघा, अमेरिकेतल्या पाहण्यांत एलजीबीटी लोकांमध्ये धूम्रपान इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे. ऐकणारा लगेच म्हणतो, "हे लोकच तसले." यात मधला दुवा गाळला जातो. इलान मायर यांनी 2003 मध्ये तो नीट मांडला: हिणवलं जाणं, लपवत राहणं, नाकारलं जाण्याची सतत धास्ती. हा ताण ओळखीतून येत नाही, भोवतालच्या वागण्यातून येतो. निकोटीन त्यात भर घालतं. ते उतरलं की बेचैनी येते, पुढच्या झुरक्यानं तीच बेचैनी शमते आणि माणसाला वाटतं, ताण गेला.

कंपन्यांनी हे फार आधी हेरलं होतं. 1929 मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड बर्नेज यांनी बायकांच्या हातात सिगारेट देऊन तिला 'स्वातंत्र्याची मशाल' म्हटलं. 1990 च्या दशकात आर. जे. रेनॉल्ड्सनं सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी वस्त्या आणि बेघर लोक डोळ्यांसमोर ठेवून योजना आखली. तिच्या आद्याक्षरांचा शब्द होता 'स्कम', म्हणजे गाळ! गिऱ्हाइकाला गाळ म्हणायचं आणि पैसेही त्याचेच घ्यायचे.

आपल्याकडे चित्र जरा वेगळं. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आतच. बाकी सगळं मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा. म्हणजे धोका तोंडात. तोंडातला पांढरा चट्टा वेळेवर दाखवायला हवा. पण दवाखान्यात पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं की बायकांच्या, इथंच तृतीयपंथी व्यक्ती अडते, आणि दाखवणं लांबतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2022 मध्ये तृतीयपंथींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, तेही मी तंबाखूविरोधी कामच मानतो.

सोडायची असेल तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट लागतो. त्या विद्यार्थ्याला मी रविवारी चहाला बोलावलंय. लग्नाचं विचारणार नाही. सिगारेटचं विचारेन, पण दुसऱ्या कपानंतर.