पेशीचे पटल आणि मीठ-साखरेचे पाणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते. उलट, सुकलेल्या मनुका रात्रभर पाण्यात भिजत घातल्या तर सकाळी टपोऱ्या होतात. घरोघरी दिसणाऱ्या या दोन्ही गोष्टींमागे एकच निसर्गनियम आहे.

प्रत्येक सजीव पेशीभोवती एक पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी असते. ते मुख्यतः स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचे बनलेले असते. प्राणवायूसारखे वायू जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे त्यातून सहज जातात. यास विसरण म्हणतात. ज्या बाजूस विरघळलेले मीठ किंवा साखर अधिक, त्या बाजूकडे पटलातून पाण्याचा ओघ जातो. यास परासरण म्हणतात.

मीठ व साखर यांना मात्र स्निग्ध थर सहजासहजी ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची द्वारे असतात. लहान आतड्याच्या पेशींतील असे एक द्वार मिठातील सोडियम व ग्लुकोज साखर यांना जोडीनेच आत घेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात शोषले जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग येथे मांडली.

पटकीच्या रोगात आतड्याच्या पेशींतून क्षार व पाणी वेगाने बाहेर पडतात. तथापि हे जोडद्वार चालूच राहते. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांस पाजविले. शेकडा सुमारे 30 असलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्या खाली आले.

जुलाब होत असता मुलाचे पाणी तोडावे, हा समज म्हणूनच घातक होय. आरोग्यकेंद्रातील क्षारसंजीवनीची पुडी जवळ नसल्यास 1 लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे 6 व मिठाचा अर्धा, असे चहाचे सपाट चमचे विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे. प्रमाण चुकू देऊ नये. साखर अधिक झाल्यास परासरणाने पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. अधिक मीठही अपायकारक असते. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल मलूल झाले अथवा त्याला पाणी पिता येईनासे झाले, तर विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

वर्गात बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्याव्यात. एक साध्या पाण्यात व दुसरी खूप खारट पाण्यात ठेवावी. तासाभराने पहिली ताठ व दुसरी लिबलिबीत झालेली आढळेल. कारण मुलांकडूनच काढून घ्यावे आणि मीठ-साखरेचे प्रमाण त्यांना वहीत लिहून घेण्यास सांगावे. ती वही घरी मातेच्या दृष्टीस पडेल, तेव्हाच हा पाठ पुरा झाला असे समजावे.