राजगरुड वेदीपाशी

मिस्साविधीत धर्मगुरू सर्वांत वर परिधान करतात त्या वस्त्राच्या नक्षीचा एक धागा थेट कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजवाड्यापर्यंत पोहोचतो. गरुड-सिंहांच्या आकृती विणलेले उंची बायझंटाईन रेशीम हे सम्राटाच्या वैभवाचे प्रतीक होते. इ.स. ९६८ मध्ये क्रेमोनाचे बिशप ल्युटप्रँड तेथून परतत असताना, ही वस्त्रे परराष्ट्रीयांना वर्ज्य आहेत असे सांगून अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडील पाच मौल्यवान जांभळी वस्त्रे काढून घेतली. तथापि, राजभेटींच्या रूपाने असे रेशीम पश्चिमेकडील ख्रिस्तमंदिरांत आले. उत्तर इटलीतील ब्रिक्सन येथे बिशप संत आल्बुइन यांचे म्हणून जतन केलेले, सुमारे इ.स. १००० चे मिस्सावस्त्र याची साक्ष देते. त्यावर भव्य गरुड विणलेले आहेत. सम्राटाच्या सत्तेची खूण अशा रीतीने वेदीच्या सेवकाच्या अंगावर आली आणि प्रभूच्या गौरवार्थ वापरली गेली. उपासनावस्त्रांच्या सौंदर्याचा खरा अर्थ हाच होय.