तेरा सामने, तेरा विजय आणि दुसरा क्रमांक

(लेखांक ६)

मागच्या लेखांकात अमेरिकी फुटबॉलमध्ये गुण कसे मिळतात ते पाहिलं. (हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळतात तो, आपला फुटबॉल नव्हे.) आता हंगामाचा हिशेब. कॉलेज संघाची कामगिरी तिथे ‘११-१’ अशी लिहितात. आधी विजय, मग पराभव. समजायला सोपं, पण त्यावरून विजेता ठरवायला गेलं की घोळ सुरू.

२००४चा हंगाम घ्या. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाने तो १३-० असा संपवला. चेंडू घेऊन धावायला कार्नेल ‘कॅडिलॅक’ विल्यम्स आणि रॉनी ब्राउन ही जोडगोळी होती. टेनेसीला तर त्यांनी एकाच हंगामात दोनदा लोळवलं. पण ते शून्य किती नाजूक होतं हे लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या (एलएसयू) सामन्यात दिसतं. टचडाउननंतरची एका गुणाची किक ऑबर्नने चुकवली. ती अडवताना एलएसयूच्या खेळाडूने नियम मोडला म्हणून पंचांनी पिवळा रुमाल टाकला, किक पुन्हा मिळाली आणि सामना १०-९ असा खिशात गेला.

एवढं करूनही अंतिम सामना त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

संघ शंभरावर आणि प्रत्येकाला सामने अकरा-बारा, म्हणजे आयपीएलसारखा एकच गुणतक्ता मांडणं अशक्य. म्हणून तेव्हाच्या ‘बीसीएस’ पद्धतीत पत्रकारांचा कौल, प्रशिक्षकांचा कौल आणि संगणकी क्रमवाऱ्या यांना सारखं वजन देऊन अंतिम सामन्यासाठी पहिले दोन संघ निवडत. हंगामाआधीच पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूएससी) पहिलं, ओक्लाहोमाला दुसरं आणि ऑबर्नला सतरावं ठेवलं होतं. वरचे दोघे हरलेच नाहीत, मग त्यांना खाली ओढणार कोण? सामने सुरू होण्याआधीच्या अंदाजाला इतकी किंमत द्यावी, हे मला आजही पटत नाही.

त्यात ऑबर्नचे काही प्रतिस्पर्धी दुबळे, ही टीका. ती खोटी नव्हती. खालच्या श्रेणीतल्या ‘द सिटाडेल’शीही ते खेळले होते. गंमत अशी की ती तारीख मुळात बोलिंग ग्रीन विद्यापीठासाठी होती. बोलिंग ग्रीनने ऐन वेळी अंग काढून घेतलं, ते ओक्लाहोमाशी खेळण्यासाठी!

अंतिम सामन्यात यूएससीने ओक्लाहोमाचा ५५-१९ असा धुव्वा उडवला. आदल्याच रात्री ऑबर्नने व्हर्जिनिया टेकला १६-१३ असं हरवलं होतं. अंतिम क्रमवारीत ते दुसरे. यूटाचा संघही १२-० होता, पण त्याचं नाव विजेतेपदाच्या चर्चेत फारसं आलंच नाही.

पुढे २०१०मध्ये यूएससीचा खेळाडू रेजी बुशने नियमबाह्य लाभ घेतल्याचा ठपका कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने (एनसीएए) ठेवला आणि यूएससीचे २००४च्या हंगामातले शेवटचे दोन विजय रद्द केले. १३-०चं ११-० झालं. विजय रद्द झाला म्हणून समोरच्याचा पराभव मात्र पुसला जात नाही. ओक्लाहोमाच्या खात्यात तो अजूनही आहे, म्हणजे कोणीच न जिंकलेला सामना ते हरले! बीसीएसने २०११मध्ये यूएससीचं विजेतेपद काढून घेतलं, पण ते ऑबर्नला दिलं नाही. जागा रिकामीच ठेवली. पत्रकारांच्या कौलात यूएससी अजून पहिलंच.

कॉलेज फुटबॉलच्या या सर्वोच्च श्रेणीत एनसीएए स्वतः विजेतेपद देतच नाही, त्यामुळे आपली विजेतेपदं किती हे विद्यापीठंच ठरवतात. ऑबर्नने २०२५मध्ये २००४चं विजेतेपद आपल्या यादीत घालून टाकलं.