घरची यादी आणि दुकानची फळी



किराणा आणणें ही गोष्ट इतकी नित्याची आहे, कीं तीविषयीं भाषण करण्याजोगें कांहीं असेल असें कोणास वाटणार नाहीं. परंतु घरच्या माणसांनीं काय खावें, याचा निर्णय पुष्कळदां स्वयंपाकघरांत होण्यापूर्वींच दुकानांत होऊन गेलेला असतो. जें घरांत आलें तें पोटांत जाणारच. मग हा निर्णय खरोखर कोण करतो, याचा आज थोडा विचार करूं.

पूर्वीं वाण्याकडे जातांना घरची यादी बरोबर असे. वाणी गल्ल्यापलीकडे उभा राहून यादी वाची आणि पुडे बांधून देई. जें यादींत नाहीं तें सहसा पिशवींत येत नसे. ही रीत पालटण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला. मेंफिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्यानें १९१६ च्या सप्टेंबरांत ‘पिगली विगली’ नांवाचें दुकान उघडलें. तेथें गिऱ्हाइकानें टोपली घेऊन स्वतःच माल उचलावयाचा व बाहेर पडतांना पैसे द्यावयाचे. वाटही अशी आंखलेली होती, कीं साऱ्या फळ्यांसमोरून गेल्याविना बाहेर पडतां येऊं नये. या रचनेचें पेटंट त्यानें १९१७ सालीं मिळविलें. गिऱ्हाइकाची सोय झाली हें खरें. पण मीठ आणावयास गेलेल्याच्या डोळ्यांसमोरून न मागितलेल्या शेंकडों वस्तू जाऊं लागल्या. वाणी गप्प झाला आणि फळी बोलूं लागली.

आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मोठ्या दुकानांत हेंच घडतें. जें नजरेच्या टप्प्यांत असतें तें हातीं येतें. पैसे देण्याच्या रांगेशेजारीं चॉकलेटें आणि वेफर्सचीं पाकिटें असतात. रांगेंत माणूस कंटाळलेला असतो, बरोबरचें मूल हट्ट धरतें, आणि पाकीट पिशवींत पडतें. यांत आईबापांच्या निग्रहाला दोष देणें सोपें आहे. पण फळी कोणी मांडली हेंही विचारलें पाहिजे.

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आपल्या देशांत मधुमेहाचे सुमारें १० कोटी रोगी आहेत. या रोगाचीं कारणें अनेक आहेत, पण आहार हें त्यांतील एक मोठें कारण आहे.

कांहीं देशांनीं या मांडणीलाच हात घातला आहे. इंग्लंडमध्यें ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना साखर, मीठ व चरबी अधिक असलेले ठराविक पदार्थ दाराशीं, फळ्यांच्या टोकांशीं आणि पैसे देण्याच्या जागीं मांडण्यास मनाई आहे. ते विकण्यास बंदी नाहीं. ज्याला हवे त्यानें आंत जाऊन घ्यावे. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें २०१६ सालीं अशा पदार्थांच्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, आणि मुलांना उद्देशून त्यांची जाहिरात करण्यावरही निर्बंध घातले. पुढील सुमारें दीड वर्षांतील खरेदी तपासली असतां, शिक्का पडलेल्या गोड पेयांची खरेदी जवळजवळ २४ टक्क्यांनीं घटल्याचें दिसलें. माणसें तींच होतीं. खरी माहिती वेळेवर समोर आली, एवढेंच.

आपणही आपल्यापुरती मांडणी बदलूं शकतों. दुकानांत जाण्यापूर्वीं जेवून जावें आणि यादी घरीं बसून करावी. पाकीट उचललें तर दर्शनी बाजूचीं चित्रें पाहून न थांबतां तें उलटावें. आपल्याकडील नियमाप्रमाणें घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. ‘गव्हाचीं’ म्हणून मिरविणाऱ्या बिस्किटांच्या यादींत पहिलें नांव मैद्याचें असेल, तर मुख्य पदार्थ मैदाच आहे असें समजावें. खालच्या कोष्टकांत ४ ग्रॅम साखर म्हणजे सुमारें एक चहाचा चमचा, आणि ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारें १ ग्रॅम मीठ, असा हिशेब करावा. मोठ्या माणसानें दिवसाकांठीं ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र कोष्टकांतील आंकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. पाकीट केवढें व आपण खातों किती, हें पाहून गुणाकार करावा.

दुकानदार बंधूंनाही एक विनंति आहे. गल्ल्याशेजारची जागा आपल्या हातांतली आहे. तेथें केळीं, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा राजगिऱ्याच्या वड्या ठेवून पाहाव्या. वडींत गूळ असतो, हें विसरूं नये. पण फुटाण्यांना आणि केळ्यांना कोणतीच सबब नको. हट्ट करणारें मूल जें समोर दिसतें त्याचाच हट्ट करतें.

सणावारीं गोडधोड खाऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. तें आपण ठरवून करतों, आवडीनें वाढतों. न ठरवितां जें रोज पिशवींत येतें, त्याचेंच भय अधिक. पुढच्या वेळीं दुकानांतून परतल्यावर पिशवी यादीशीं ताडून पाहावी. जें यादींत नव्हतें आणि तरी घरीं आलें, तें आपण घेतलें नाहीं, फळीनें दिलें.