गव्हर्नरची पत्रे आणि गुलामांचा अर्ज

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आपली मुले शाळेत चार ओळींत शिकतात. इंग्रजांनी कर लादला, बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या बुडाल्या, युद्ध झाले आणि देश स्वतंत्र झाला. या चार ओळींत थॉमस हचिन्सनचे नाव सापडत नाही. मॅसॅच्युसेट्स या वसाहतीचा हा गव्हर्नर. त्याची खुर्ची हलवली ती त्याच्याच हातच्या पत्रांनी. आणि त्याच वर्षी त्याच्यापुढे आणखी एक कागद आला होता. वाचकहो, तो कागद आपण विसरता कामा नये.

हचिन्सनचा जन्म १७११ साली बोस्टनच्या एका धनिक व्यापारी घराण्यात झाला. माणूस हुशार, कामसू आणि अभ्यासू. त्याने वसाहतीचा इतिहासही लिहिला. पण पदांचा मोह मोठा! १७५८ साली तो उपगव्हर्नर झाला आणि ते पद न सोडता १७६० साली मुख्य न्यायाधीशही झाला. १७७१ मध्ये तो गव्हर्नर झाला तेव्हा त्याचा साडू अँड्र्यू ऑलिव्हर उपगव्हर्नर झाला. सत्ता अशी एकाच गोतावळ्यात फिरू लागली, की लोकांचा विश्वास उडायला वेळ लागत नाही. मुद्रांक कर त्याला स्वतःला पसंत नव्हता, तरीही १७६५ साली संतप्त जमावाने त्याचेच घर फोडले.

१७६८-६९ या काळात त्याने लंडनमधील थॉमस व्हेटली या राजकारण्याला खाजगी पत्रे लिहिली. मायदेशापासून दूर असलेल्या वसाहतीला मायदेशाइतके स्वातंत्र्य मिळणे शक्य नाही, त्याला कात्री लावावीच लागेल, असे त्याने एका पत्रात लिहिले. व्हेटली वारला. पत्रे बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती लागली आणि त्याने ती बोस्टनला धाडली. छापू नका असे त्याने बजावले होते, पण जून १७७३ मध्ये ती छापली गेलीच. लोक खवळले. हचिन्सन आणि ऑलिव्हर यांना काढून टाका, अशी मागणी विधिमंडळाने राजाकडे केली. ती लंडनमध्ये फेटाळली गेली आणि फ्रँकलिनची टपाल खात्यातील मोठी नोकरी गेली. पण हचिन्सनची पत उरली नाही. जून १७७४ मध्ये तो इंग्लंडला गेला, तो मायभूमीला परत आलाच नाही. १७८० साली तो तिकडेच वारला.

आता तो दुसरा कागद. जानेवारी १७७३ मध्ये बोस्टन आणि आसपासच्या गावांतील गुलामांच्या वतीने गव्हर्नर व विधिमंडळाकडे एक अर्ज आला. खाली सही होती 'फेलिक्स'. आमच्याजवळ मालमत्ता नाही, बायकामुले आमची नाहीत, गाव नाही, देश नाही, असे त्यात म्हटले होते. एप्रिलमध्ये चार गुलामांनी विधिमंडळाच्या सभासदांना पत्र लिहिले. इंग्रज आपल्याला गुलाम करू पाहतात म्हणून जे इतक्या जिद्दीने उभे राहिले, त्यांच्याकडून आम्ही मोठी अपेक्षा करतो, असा त्याचा आशय. किती नेमका टोला!

पण दाद कोणी दिली? गुलामांची आयात बंद करणाऱ्या विधेयकाला हचिन्सनने १७७१ मध्येच संमती नाकारली होती. आणि गव्हर्नरच्या पत्रातील 'स्वातंत्र्याला कात्री' वाचून संतापलेल्या विधिमंडळाने गुलामांच्या अर्जाचा निर्णय पुढे ढकलला. एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन्ही पक्ष या एका बाबतीत सारखेच निघाले. स्वातंत्र्य हवे होते, पण ते आपल्यापुरते.

गुलाम मात्र थांबले नाहीत. अर्जामागून अर्ज गेले, कोर्टात दावे लागले. १७८० साली मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना झाली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे तिच्यात होते. क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाच्या खटल्यात त्याच कलमाचा आधार घेऊन १७८३ साली मुख्य न्यायाधीशांनी सांगितले, की या घटनेत गुलामगिरीला जागा नाही. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही.

कचेरीत काम करणाऱ्यांना ठाऊक असते, की फेटाळलेला अर्जही दप्तरात राहतो. गव्हर्नरने जे गुपचूप लिहिले, ते त्याला बुडवून गेले. गुलामांनी जे उघड लिहिले, ते त्याच साली छापले गेले आणि आज अडीचशे वर्षांनंतरही वाचता येते. म्हणून अन्यायाविरुद्ध लिहा, खाली सही करा आणि त्याची एक प्रत घरी जपून ठेवा.